जागा बदलली की कामाचा उरक खरोखर वाढतो का?

शब्दवेल | ९ जून, सकाळी ११.२०

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे पुण्यात, कोथरूडला घरी बसून तांत्रिक अनुवाद करते. शेतीची अवजारे, पंप, औषधांची माहितीपत्रके असे मजकूर इंग्रजीतून मराठीत आणते. मोबदला शब्दांच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे रोज किती शब्द झाले ते मी एका वहीत लिहून ठेवते, आणि या धाग्याचे कारण ती वहीच आहे.

मागच्या वर्षभरात मी तीनदा कामाची जागा बदलली. आधी झोपण्याच्या खोलीतले टेबल गॅलरीत नेले. मग कर्वे रस्त्यावरच्या एका सामायिक कार्यालयात महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेतली. शेवटी घरी परतून दिवाणखान्याचा एक कोपरा अडवला, नवी खुर्ची आणि दिवा घेतला. प्रत्येक वेळी पहिले बारा-पंधरा दिवस रोजचे २,६०० शब्द सहज झाले आणि तिसऱ्या आठवड्यापासून आकडा घसरत पुन्हा १,७०० वर आला. तिन्ही वेळा हेच घडले, म्हणून याला योगायोग म्हणवत नाही.

माझा प्रश्न असा आहे की, जागा आणि दिनक्रम बदलून कामाचा उरक वाढतो, की नव्या जागेचे नवेपण आपल्याला चार दिवस ढकलते आणि मग आपण होतो तिथेच येतो? ज्यांचा बदल वर्षभर टिकला आहे त्यांनी नेमके काय केले, हे सविस्तर लिहिले तर फार उपयोग होईल.

पेठकर | ९ जून, दुपारी १.०५

माझा अनुभव स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचा आहे. मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. सदाशिव पेठेत आलो तेव्हा खोलीत चौघे होतो आणि अभ्यास होत नव्हता. अभ्यासिकेत जागा घेतली आणि पहिल्याच दिवशी नऊ तास बसलो. लाकडी फळ्यांनी पाडलेले अरुंद कप्पे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक दिवा, कप्प्याच्या फळीवर आधीच्या मुलाने चिकटवलेले वेळापत्रक, आणि शेजारचा मान वर करत नाही म्हणून आपणही करायची नाही, असे ते वातावरण असते. हा परिणाम माझ्यापुरता तीन वर्षे टिकला आहे, म्हणून जागेचा उपयोग होत नाही असे मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र उशिरा कळली. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि सलग तीन तास हाताने लिहिण्याची सवय लागणे भाग पडले. अभ्यासिकेतला कप्पा वाचायला उत्तम आहे, पण लिहायला कोपर मावत नाही. दोन महिने मी तिथेच बसून वाचत राहिलो, कारण तिथे बसले की अभ्यास झाल्यासारखे वाटे. आता सकाळी नऊ ते बारा खोलीवर, जमिनीवर बैठे डेस्क घेऊन उत्तरे लिहितो आणि वाचायला दुपारी अभ्यासिकेत जातो. जागा कामाला जुळते का, हे मी आधीच पाहायला हवे होते.

पानापक्कड | ९ जून, रात्री ९.४०

शब्दवेलताई, मी छत्तीस वर्षे पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये कार्यमापनाचे काम केले आहे, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ लागतो आणि का लागतो ते घड्याळ हातात धरून पाहणे. तुमचे आकडे वाचून शंभर वर्षांपूर्वीचा एक प्रसिद्ध प्रयोग आठवला.

शिकागोजवळ सिसेरो येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. तिथे १९२४ ते १९३२ या काळात कामाच्या परिस्थितीवर प्रयोग झाले. उजेड वाढवला तर उत्पादन वाढते का, हे पाहायला सुरुवात झाली, आणि उजेड वाढवल्यावर जसे उत्पादन वाढले तसेच काही वेळा तो कमी केल्यावरही वाढले, असे सांगितले गेले. १९२७ पासून टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच मुलींच्या गटाला वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास असे एकेक बदलून पाहिले. कोणीतरी आपल्याकडे लक्ष देत आहे आणि काहीतरी नवे चालले आहे, यानेच काम वाढते असा निष्कर्ष त्यातून निघाला. पुढे त्या जुन्या आकड्यांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा तो परिणाम सांगितला जातो तितका ठळक दिसला नाही, हेही नमूद करतो. पण तुम्ही स्वतःच स्वतःकडे लक्ष दिल्यामुळे पहिले पंधरा दिवस काम वाढले, ही शक्यता तुमच्या तीन प्रयोगांत मला दिसते.

आता कामाचे सांगतो. तुमची वही दिवसाचे एकूण शब्द सांगते, पण शब्द का झाले नाहीत ते सांगत नाही. कारखान्यात आम्ही यंत्राशेजारी एक थांब्यांची वही ठेवत असू. यंत्र थांबले की वेळ आणि कारण तिथल्या तिथे लिहायचे, संध्याकाळी आठवून नाही. एका ठिकाणी कामगार सुस्त आहेत अशी व्यवस्थापनाची तक्रार होती. आठवडाभर वही भरली तेव्हा दिसले की प्रत्येक पाळीत चाळीसेक मिनिटे पाना शोधण्यात जात होती. भिंतीवर एक फळी लावली, तीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली, ज्यामुळे जागा रिकामी दिसली की हत्यार कोणाकडे तरी आहे हे लांबूनही कळे. माणसे तीच, छप्पर तेच, पण काम वाढले, आणि मी ती नोकरी सोडेपर्यंत ते वाढलेलेच राहिले. तुम्ही पाच दिवस थांब्यांची वही भरा आणि मगच टेबल हलवा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

शब्दवेल | ९ जून, रात्री १०.१५

काका, हे मला कधीच सुचले नव्हते. उद्यापासून वही सुरू करते आणि इथेच कळवते.

घाटमाथा | १० जून, सकाळी ६.५०

मी वीस वर्षे डेक्कन क्वीनचा पासधारक होतो. पुण्याहून सव्वासातला सुटणारी ही गाडी दहा पंचविसाला मुंबईला पोहोचते, म्हणजे रोज तीन तास दहा मिनिटे हातात असत. लोणावळा येईपर्यंत गप्पा आणि चहा, आणि घाट उतरला की मी मोडीचे कागद काढत असे. मोडी वाचायला मी गाडीतच शिकलो. आमच्या घराण्याच्या दप्तरातले दोनशेहून अधिक कागद मी त्या खिडकीपाशी बसून देवनागरीत उतरवले.

निवृत्त झालो तेव्हा वाटले की आता दिवसभर हेच करू. घरात उत्तम टेबल होते, शांतता होती, वेळ होता, आणि तरीही आठ महिन्यांत अकरा कागद झाले. फार उदास झालो होतो. मग एक दिवस लक्षात आले की गाडीत मला दोन गोष्टी मिळत होत्या. सुरुवात माझ्या मर्जीवर नव्हती, गाडी सव्वासातला सुटतच असे. आणि शेवटही ठरलेला असे, दादर आले की पिशवी भरावीच लागे, मग ओळ पुरी झालेली असो वा नसो. हातातला वेळ संपणार आहे हे ठाऊक असल्याने तो वाया जात नसे.

आता मी घरीच बरोबर सव्वासातला तीच जुनी कापडी पिशवी घेऊन खिडकीपाशी बसतो आणि दहा पंचविसाला उठतो. मन रमलेले असले तरी उठतो. हे चार वर्षे चालले आहे आणि महिन्याला पंधरा-सोळा कागद होतात. सोबतचे प्रवासी मात्र नाहीत, त्यांची उणीव कशानेही भरली नाही.

चौथा_मजला | १० जून, दुपारी २.३०

सर्वांचे अनुभव वाचले आणि मनापासून आवडले, पण एक बाजू राहून जात आहे असे वाटते म्हणून लिहिते. मी डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घरात राहते. सासूबाई, आम्ही दोघे आणि चार वर्षांचा मुलगा. विमा दाव्यांची कागदपत्रे तपासण्याचे माझे काम घरून चालते. गॅलरी, वेगळा कोपरा, भाड्याची खुर्ची यांपैकी काहीच मला शक्य नाही. माझे टेबल म्हणजे जेवणाचे टेबल आहे, आणि सकाळी दहाला त्यावरची कणीक पुसून मी लॅपटॉप उघडते.

दिनक्रम बदला म्हटले की बायकांना हमखास एकच सल्ला मिळतो, पहाटे चारला उठा. मी सात महिने उठले. काम झाले, हे खरे आहे. पण रात्री अकराच्या आत निजणे शक्य नव्हते, म्हणजे झोप पाच तासांची झाली. मार्च महिन्यात एका दाव्यातली रक्कम मी एक शून्य कमी वाचून पुढे पाठवली. वरिष्ठांच्या नजरेस आले म्हणून निभावले. त्या दिवसानंतर मी गजर बंद केला. झोप कापून मिळवलेल्या वेळेला मी उरक म्हणणार नाही.

पेठकर | १० जून, दुपारी ३.१०

ताई, तुमचे म्हणणे पूर्ण पटते. आमच्याकडे चौदा तास बसल्याचे अभिमानाने सांगतात, आणि त्यातले निम्मे तास पुस्तक उघडे ठेवून पेंगण्यात जातात. मीही तसे तास मोजले आहेत.

मीनाकाठ | १० जून, रात्री ८.४५

मी नारायणगावजवळ टोमॅटो आणि कांदा करतो. कार्यालयात बसून काम करणाऱ्यांच्या चर्चेत माझे काय काम, असे वाटून दोन दिवस लिहिले नाही. पण कामाची वेळ बदलल्याने काय होते हे शेतकऱ्याइतके कोणी भोगले नसेल.

आमच्याकडे शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात पाणी भरायला रात्रीच जावे लागे. हा जुन्नर भाग बिबट्यांचा आहे, म्हणून एकट्याने जायची सोय नाही. दोघे जायचो, एक जण बारे मोडायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, आणि दुसरा बॅटरी घेऊन बांधावर. म्हणजे एका माणसाचे काम दोघांच्या झोपेवर होत असे. दुसऱ्या दिवशी फवारणी असो की तोडणी, अंग चालत नसे. अंधारात सरीचे तोंड नीट दिसत नसल्याने पाणी शेजारच्या वाफ्यात फुटायचे ते वेगळेच.

दीड वर्षापूर्वी सौरपंप बसवला. ठिबकचे झडप सकाळी नऊला उघडतो आणि दुपारी तीनला बंद करतो. ढगाळ दिवसांत दाब कमी मिळतो, पावसाळ्यात पंप नावालाच चालतो, या अडचणी आहेत. पण रात्री घरी झोपतो आणि मुलगा कॉलेजला जातो. शेत तेच, पीक तेच आणि माणसेही तीच आहेत. दिवसाचे काम दिवसा करायला मिळाले, एवढाच बदल झाला. चौथा मजला ताईंनी झोपेबद्दल लिहिले ते माझ्या अनुभवाचे आहे.

नेकारकाठ | ११ जून, पहाटे १.३०

मी श्टुटगार्टला असतो. जर्मनीत कामाच्या वेळेचा कायदा आहे. दिवसाला साधारण आठ तास, काही अटींवर दहापर्यंत, आणि एका दिवसाचे काम संपल्यावर पुढचे सुरू होण्याआधी सलग अकरा तासांची विश्रांती. माझा निम्मा गट पुण्यात आहे आणि उन्हाळ्यात तिथले घड्याळ इथल्यापेक्षा साडेतीन तास, तर हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते. पहिले वर्ष मी दोन्ही घड्याळे सांभाळली. पहाटे पुण्याशी बोलणे, दिवसभर इथले काम, रात्री पुन्हा उरलेली उत्तरे. मग इथल्या वरिष्ठ बाईंनी एकदा बसवून नीट विचारले की, रात्री दहाला पाठवलेले तुमचे उत्तर सकाळी नऊच्या आधी कोण वाचते? कोणीच वाचत नव्हते. तेव्हापासून संयुक्त बोलणे आमच्या सकाळी नऊ ते साडेअकरा एवढ्या वेळातच होते, आणि खरे सांगायचे तर पूर्वीपेक्षा निर्णय लवकर होतात.

घरून काम करण्याबद्दल एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. शांघायमधल्या सी-ट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांचा प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्के वाढली. तरीही प्रयोग संपल्यावर निवडीची मोकळीक दिली तेव्हा त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांनी कार्यालयात परतणे पसंत केले, आणि त्यामागे एकटेपणा हे मोठे कारण होते. घाटमाथा काकांच्या शेवटच्या ओळीशी हे जुळते.

विटामाती | ११ जून, सकाळी १०.००

मी वास्तुरचनाकार आहे. एवढेच सुचवते की जागा बदलण्याआधी आहे त्या खोलीची खिडकी उघडून पाहा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असते, आणि दार-खिडक्या लावून वातानुकूलक चालू ठेवलेल्या लहान खोलीत दोन माणसे बसली की ते तासा-दोन तासांत हजाराच्या वर सहज जाते. दुपारी तीनची सुस्ती पुष्कळदा जेवणाची नसून हवेची असते. भिंतीवरचा वातानुकूलक आतलीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. खिडकी पाठीशी न ठेवता बाजूला ठेवावी, म्हणजे पडद्यावर तिरीप येत नाही आणि डोळे शिणत नाहीत.

सुपारी_बाग | ११ जून, दुपारी १२.१५

कोणतीही गोष्ट एकवीस दिवस केली की सवय लागते. शब्दवेलताईंनी तेवढा धीर धरावा, इतकेच सांगेन.

नेकारकाठ | ११ जून, दुपारी ४.४०

एकवीस दिवसांचा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण त्याला तसा आधार नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एखादी कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतील असे दिसले, आणि व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात आढळले. मला तो भाग सर्वांत दिलासा देणारा वाटला. ताईंची घसरण तिसऱ्या आठवड्यात होते, म्हणजे सवय लागायच्या कितीतरी आधी.

सुपारी_बाग | ११ जून, सायंकाळी ६.०५

धन्यवाद, माझी माहिती ऐकीव होती. आमच्या बागेत पहाटे पाणी लावायची सवय लागायला मला अख्खा एक उन्हाळा लागला होता, ते आता आठवले.

शब्दवेल | १७ जून, रात्री ९.००

पाच दिवसांची थांब्यांची वही पुरी झाली. पानापक्कड काका, जे दिसले ते जसेच्या तसे लिहिते.

पाच दिवसांत मी ६१ वेळा थांबले. दाराची घंटा ११ वेळा, घरच्यांचे फोन ८ वेळा, कोश किंवा जुन्या कामातला प्रतिशब्द शोधायला ७ वेळा, वीज किंवा इंटरनेट गेल्याने ४ वेळा. उरलेले ३१ थांबे माझे स्वतःचे आहेत. कोणी हाक मारली नाही, काही वाजले नाही, मीच काम सोडून मेल उघडून पाहिला. पहिल्या दिवशी वहीत ‘मेल’ हा शब्द सहाव्यांदा लिहिताना मी पेन खाली ठेवले आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

कारणही समजले. काम देणाऱ्या संस्था एकच काम चार-पाच अनुवादकांना एकदम कळवतात आणि जो पहिले उत्तर देतो त्याला ते मिळते. त्या धास्तीने मी दर वीस मिनिटांनी पाहते. नव्या जागी गेले की पहिले काही दिवस जागा लावण्याच्या उत्साहात ही धास्ती मागे पडत असावी आणि जागा ओळखीची झाली की परतत असावी. खुर्चीचा याच्याशी संबंध नव्हता.

आता असे ठरवले आहे. सकाळी ८.१० ते १०.४० फक्त अनुवाद, ही वेळ घाटमाथा काकांच्या गाडीसारखी. मेल पावणेअकराला, दीडला आणि पाचला. टेबल पुन्हा झोपण्याच्या खोलीत, जिथे ते अकरा वर्षे होते. खिडकी बाजूला येईल असे फिरवले आहे.

पानापक्कड | १७ जून, रात्री ९.५०

उत्तम. आता दोन महिने आकड्यांकडे पाहून काही ठरवू नका, फक्त लिहीत राहा. आणि घंटेचे ११ थांबे सोडू नका, ते कमी करणे सर्वांत सोपे आहे. पार्सले खाली रखवालदाराकडे ठेवायला सांगा.

चौथा_मजला | २० जून, दुपारी २.१०

काका, मीही पाच दिवस वही भरली. माझे ७४ थांबे झाले आणि त्यांतले माझे स्वतःचे फक्त ५ आहेत. बाकी सगळे मुलगा, सासूबाईंची औषधे, दूधवाला, गॅस आणि ‘माझा टॉवेल कुठे आहे’ हे आहेत. हे वाचून मला कळेना की मी माझ्यात काय बदलू. दिनक्रम बदलायचा तो माझा, की घराचा?

पानापक्कड | २० जून, रात्री ८.३०

घराचा. कारखान्यात पाना जागेवर नसे तेव्हा आम्ही कामगाराला दोष देत नव्हतो. ती वही जपून ठेवा आणि घरात सर्वांना दाखवा. रागाने नको, नुसती समोर ठेवा.

शब्दवेल | ९ ऑगस्ट, सकाळी ११.३०

धागा सुरू करून आज दोन महिने झाले, म्हणून कळवते. सात आठवड्यांची सरासरी २,२५० शब्द आहे. २,६०० पुन्हा कधी झाले नाहीत, पण १,७०० वरही आकडा आला नाही, आणि तिसरा आठवडा कधी गेला ते समजले नाही. उशिरा उत्तर दिल्यामुळे दोन कामे हातची गेली, त्यांतले एक मोठे होते आणि त्याचे वाईट वाटले. एका संस्थेला मात्र मी मेल पाहण्याच्या वेळा स्पष्ट कळवल्या, तर त्यांनी तातडीचे असेल तेव्हा फोन करू असे सांगितले. आजवर त्यांचा एकच फोन आला आहे.

चौथा मजला ताई, तुमचे पुढे काय झाले?

चौथा_मजला | १० ऑगस्ट, रात्री १०.४०

वही जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. यांनी ती उघडली, सगळी वाचली आणि काही बोलले नाहीत. त्या शनिवारी यांना घरून काम होते. मी मुलाला घेऊन आईकडे जाणार होते, पण यांनी मला टेबल देऊन दिवसभर घर स्वतः सांभाळायचे ठरवले आणि त्याच वहीच्या पुढच्या पानावर आपले थांबे लिहिले. दुपारी तीनपर्यंत २९ झाले होते आणि यांचा एक मेलही पुरा झाला नव्हता.

तेव्हापासून सकाळी दहा ते साडेबारा सासूबाईंची औषधे आणि दार हे दोन्ही यांच्याकडे आहे, कारण यांची पाळी दुपारची असते. मी खुर्चीच्या पाठीवर लाल पंचा टाकला की मुलगा आत येत नाही, दारातून हात हलवून जातो. मागच्या आठवड्यात पुन्हा वही भरली. ७४ चे ३८ झाले आहेत. टॉवेल आता दाराच्या मागच्या खिळ्यावर असतो, त्याच्या वर मुलाने टॉवेलचे चित्र काढून चिकटवले आहे.

पानापक्कड | ११ ऑगस्ट, सकाळी ७.००

त्या चित्राचा फोटो जमल्यास इथे लावा. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना दाखवायचा आहे.